वचन आणि रक्ताचा अहवाल

वाचकाचे पत्र

नवापूर तालुक्यातील एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आमचे घराणे तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. माझ्या बहिणीच्या सहा वर्षांच्या मुलाचे हातपाय वरचेवर दुखतात, डोळे पिवळे पडतात. ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासले, पुढची चाचणीही झाली आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार निघाला. डॉक्टरांनी आईवडिलांची, धाकट्या मुलीची आणि जमल्यास दोन्ही घरांतील भावंडांची तपासणी करून घ्यायला सांगितले. त्याच आठवड्यात बहिणीच्या घरी प्रार्थनासभा झाली. मंडळीच्या वडीलजनांपैकी एकांनी बायबलमधील निर्गमाच्या विसाव्या अध्यायातील पाचवे वचन वाचले आणि सांगितले की, पूर्वजांच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत येते, तेव्हा कोणत्या घराण्यात कोणते पाप झाले ते आधी शोधून कबूल करा. वचनाने कारण सांगितल्यावर प्रयोगशाळेचा कागद मागणे हा अविश्वास आहे. तेव्हापासून बहिणीची सासू हे पाप आमच्या माहेरचे आहे असे म्हणते. भावजी गप्प आहेत आणि पुढच्या चाचण्या थांबल्या आहेत. माझ्या लग्नाची बोलणी चालू आहेत. मलाही रक्त तपासून घ्यायचे आहे, पण हिंमत होत नाही. शास्त्राचा अधिकार मी मनापासून मानते. मग सत्य शोधायला जाणे म्हणजे त्या अधिकाराला आव्हान देणे होते का? आणि शास्त्र एक सांगते, अहवाल दुसरे सांगतो, असे झाले तर कोणाचे मानायचे?

— एक भगिनी, जिल्हा नंदुरबार

उत्तर

प्रभूमध्ये प्रिय भगिनी,

सप्रेम सलाम. तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांपैकी एक थांबू शकतो, दुसरा थांबू शकत नाही. शास्त्राचा अधिकार आणि सत्याचा शोध यांचे नाते काय, याचा विचार ख्रिस्ती मंडळी शतकानुशतके करीत आली आहे आणि आपण तो आणखी काही महिने केला तरी काही बिघडणार नाही. परंतु सिकलसेल असलेल्या सहा वर्षांच्या मुलाला ताप आला, छातीत दुखू लागले किंवा तो एकाएकी पांढराफटक पडला, तर त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे लागते. आणि त्याच्या धाकट्या बहिणीची तपासणीही कोणाच्या संमतीसाठी ताटकळत ठेवण्यासारखी नाही. म्हणून निर्णय आधी सांगतो: चाचणी करून घेणे हा अविश्वास नाही. तो का नाही, हे मात्र सविस्तर सांगावे लागेल, कारण नुसते ‘डॉक्टरांचे ऐका’ एवढे लिहिले तर बहिणीच्या घरातील वाद मिटणार नाही आणि तुमच्या मनातील सलही जाणार नाही.

प्रथम ते वचनच पाहू. निर्गम २०:५ हा मूर्तिपूजा करू नये या आज्ञेचा भाग आहे. पिढ्यान्‌पिढ्या शासन होण्याची गोष्ट तेथे देवाचा द्वेष करणाऱ्यांविषयी सांगितली आहे, आणि लगेच पुढच्या, सहाव्या वचनात त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांच्या हजारांवर दया करण्याची गोष्ट येते. पाचवे वचन वाचून सहाव्यापूर्वी पुस्तक मिटणे म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव वाचून ‘इतर हक्क’ या रकान्याकडे न पाहताच शेताचा सौदा करण्यासारखे आहे. शिवाय ज्या मोशेच्या नियमशास्त्रात हे वचन आहे, त्याच नियमशास्त्रात अनुवाद २४:१६ मध्ये मुलांच्या पापाबद्दल बापांना व बापांच्या पापाबद्दल मुलांना जिवे मारू नये, ज्याने त्याने आपल्याच पापाची शिक्षा भोगावी, असा स्पष्ट नियम आहे. हा नियम कागदावरच राहिला नाही. यहूदाचा राजा अमस्या याने आपल्या बापाच्या मारेकऱ्यांना देहान्त शिक्षा दिली, परंतु त्यांच्या मुलांना सोडून दिले, आणि ते याच नियमाला धरून केले, असे दुसऱ्या राजांच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात लिहिलेले आहे. पुढे बाबेलच्या बंदिवासात लोक म्हणू लागले की, बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि दात मात्र मुलांचे आंबले. तेव्हा यहेज्केल संदेष्ट्याने अख्खा अठरावा अध्याय ही म्हण मोडून काढण्यासाठी खर्च केला.

तेव्हा तुमच्या घरी शास्त्राचा अधिकार एका बाजूला आणि प्रयोगशाळा दुसऱ्या बाजूला, असा सामना झालेलाच नाही. झाले ते इतकेच की, एक वचन वाचले गेले आणि त्याच विषयावरील दुसरी वचने वाचलीच गेली नाहीत. अरण्यात परीक्षा झाली त्या वेळी सैतानानेही प्रभूसमोर स्तोत्रसंहितेतील वचनच ठेवले होते, आणि प्रभूने ते वचन खोटे न ठरवता, असेही लिहिले आहे, असे सांगून दुसरे वचन त्याच्याशेजारी ठेवले. सभेत वचन वाचणाऱ्या मंडळीच्या त्या वडीलबंधूंची तुलना मी सैतानाशी करीत नाही. ते कळकळीने आले होते आणि रात्रीच्या वेळी आजारी मुलाच्या उशाशी बसून प्रार्थना करणारी माणसे आजकाल फार राहिलेली नाहीत. मुद्दा एवढाच की, वचन उच्चारले म्हणजे त्याचा अर्थही आपोआप सिद्ध झाला असे प्रभूने स्वतः मानले नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे, नाहीतर वडीलबंधू उद्या तीच तुमच्यापुढे ठेवतील. बापाच्या अपराधाचे भोग मुलांना भोगावे लागल्याचे प्रसंग शास्त्रात आहेत. दावीद आणि बथशेबा यांचे पहिले मूल मरण पावले आणि त्याचा संबंध शास्त्राने दाविदाच्या पापाशी जोडला आहे. विलापगीताच्या पाचव्या अध्यायात तर लोक स्वतःच म्हणतात की, आमच्या बापांनी पाप केले आणि त्याचा भार आम्ही वाहत आहोत. ही वचने झाकून ठेवून चालणार नाही. परंतु दाविदाच्या घरात ते कारण सांगायला नाथान आला तो देवाने पाठवलेला संदेष्टा होता, आणि ज्या पापाविषयी तो बोलला ते घडलेले होते. त्याला ते हुडकत बसावे लागले नाही. तुमच्या घरी नेमके उलटे झाले: आजार आधी सापडला आणि त्याला साजेसे पाप नंतर शोधायला सांगितले गेले. शास्त्रात हे काम कोणी केले, ते पाहायचे असेल तर ईयोबाच्या पुस्तकाचा बाविसावा अध्याय काढा. अलीफज हा मित्र ईयोबाचे सांत्वन करायला आलेला. ईयोबाचे पाप काही केल्या सापडेना, तेव्हा त्याने ते रचले: तू भावाबंधांचे कारण नसताना गहाण घेतलेस, तहानलेल्याला पाणी दिले नाहीस, भुकेल्याची भाकर अडवलीस, विधवांना रिकाम्या हाताने परत पाठवलेस. यांपैकी एकाही आरोपाला त्याच्याजवळ साक्षीदार नव्हता. देव न्यायी आहे, ईयोब दुःखात आहे, म्हणून ईयोबाने हे केले असलेच पाहिजे, एवढाच त्याचा आधार. आणि शेवटच्या अध्यायात देवाचा राग ईयोबाच्या प्रश्नांवर न होता, देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या या मित्रांवर होतो, कारण ते देवाविषयी यथार्थ बोलले नाहीत. देवाच्या न्यायाचे समर्थन करण्यासाठी रचलेले असत्यही देवाला चालत नाही. शास्त्राचा अधिकार आणि सत्य यांच्या नात्याविषयी मला यापेक्षा परखड उतारा माहीत नाही.

आता योहानाचा नववा अध्याय घ्या. तो तुम्ही रविवारच्या शाळेपासून ऐकला असेल. या वेळी तुमच्या बहिणीचे घर डोळ्यांसमोर ठेवून वाचा. जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस वाटेत दिसतो आणि शिष्य विचारतात, पाप कोणी केले, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? म्हणजे निदान ठरलेलेच आहे, फक्त आरोपी ठरायचा आहे. प्रभू दोन्ही पर्याय फेटाळतो. ह्यानेही पाप केले नाही आणि ह्याच्या आईबापांनीही नाही, असे तो सांगतो. यानंतरचा भाग आपल्या उपदेशांत सहसा घाईने उरकला जातो, पण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे. माणसाला दिसू लागल्यावर परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी धर्मपुढारी, चौकशी मांडतात. ते आईबापांना बोलावतात. आईबाप म्हणतात, हा आमचा मुलगा आहे आणि तो आंधळा जन्मला एवढे आम्हाला ठाऊक आहे. आता त्याला कसे दिसते ते ठाऊक नाही, तो वयात आलेला आहे, त्यालाच विचारा. शुभवर्तमानकार याचे कारणही लिहून ठेवतो: सभास्थानातून बहिष्कृत होण्याचे त्यांना भय वाटत होते. भावजी गप्प का आहेत, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर या दोन वचनांवर थोडा वेळ थांबा.

त्या चौकशीत परूशी पुनःपुन्हा म्हणतात की आम्हाला ठाऊक आहे. आम्ही मोशेचे शिष्य आहोत, देव मोशेशी बोलला हे आम्हाला ठाऊक आहे, हा मनुष्य पापी आहे हेही आम्हाला ठाऊक आहे. याउलट बरा झालेला माणूस एकाच गोष्टीची खात्री देतो: मी पूर्वी आंधळा होतो आणि आता मला दिसते. त्याच्याजवळ धर्मशिक्षण नाही. स्वतःच्या डोळ्यांनी अनुभवलेली एक वस्तुस्थिती त्याच्याजवळ आहे आणि ती सोडायला तो तयार नाही. अखेरीस त्याला उत्तर मिळते की तू सर्वस्वी पापात जन्मलास आणि आम्हाला शिकवतोस काय, आणि त्याला बाहेर घालवले जाते. शिष्यांचा पहिला प्रश्न आणि परूश्यांचे शेवटचे वाक्य एकाच समजुतीवर उभे आहेत. शिष्यांची ती समजूत प्रभू एका वाक्यासरशी मोडून काढतो. परूशी ती मोशेच्या अधिकाराच्या नावाने धरून ठेवतात आणि समोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहायचे नाकारतात. मोशेचा अधिकार तर प्रभूही मानत होता.

यावर वडीलबंधू असे म्हणू शकतील की, पारख करा असे शास्त्र सांगते हे खरे, पण ती पारख शास्त्रानेच करायची. बेरियातील लोकांनी पौलाचे बोलणे शास्त्रावरून पडताळून पाहिले, त्यांनी काही प्रयोगशाळा गाठली नाही. हा आक्षेप वजनदार आहे आणि बेरियापुरता तो बरोबरही आहे, कारण तेथे प्रश्न येशू हाच ख्रिस्त आहे का, हा होता आणि तो शास्त्रावरूनच पाहायचा होता. परंतु जो प्रश्न अंगावरच्या खुणांचा किंवा घडलेल्या घटनेचा आहे, तेथे शास्त्र स्वतःच माणसाला बाहेर पाहायला पाठवते. लेवीयाचा तेरावा अध्याय पाहा. अंगावर चट्टा उठलेला माणूस याजकाकडे आला, तर याजकाने वचन वाचून निर्णय द्यावा असे तेथे सांगितलेले नाही. याजकाने चट्टा पाहावा, तो कातडीपेक्षा खोल दिसतो का, त्यावरचा केस पांढरा झाला आहे का ते तपासावे. खात्री नसेल तर त्या माणसाला सात दिवस वेगळे ठेवावे, सातव्या दिवशी पुन्हा पाहावे, चट्टा पसरला नसेल तर आणखी सात दिवस थांबून तिसऱ्यांदा पाहावे आणि मगच शुद्ध की अशुद्ध ते सांगावे. या सबंध अध्यायात रोग्याने किंवा त्याच्या बापाने काय पाप केले, असा प्रश्न याजकाला एकदाही विचारायला लावलेला नाही. अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी आणि एकाच साक्षीदारावरून कोणाला दोषी धरू नये, अशी आज्ञा आहे. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच लिहितो की, सर्व गोष्टींचा मुळापासून नीट शोध करून त्या क्रमवार लिहिल्या आहेत. आणि हाच लूक पौलाच्या पत्रात प्रिय वैद्य म्हणून येतो. थेस्सलनीकाकरांस पौलाने लिहिलेली सर्व गोष्टींची पारख करण्याची आज्ञा तर आपल्याकडे पाठच असते. म्हणून ग्रामीण रुग्णालयातील तंत्रज्ञ तुमच्या बोटातून रक्ताचा थेंब घेईल, तेव्हा तुम्ही शास्त्राच्या हद्दीबाहेर पाऊल टाकले असे मी मानत नाही. शास्त्रानेच ज्या प्रकारची तपासणी याजकाला करायला लावली, तीच आता अधिक नीट होत आहे.

आता तुमचा अवघड प्रश्न: शास्त्र एक सांगते आणि अहवाल दुसरे, असे झाले तर? आपल्या सर्व परंपरांनी या प्रश्नाला एकच उत्तर दिलेले नाही. रोमन कॅथलिक मंडळीने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६५ साली असे मांडले की, आपल्या तारणासाठी जे सत्य देवाला लिहून ठेवावेसे वाटले ते शास्त्र निश्चितपणे व चुकीविना शिकवते. शास्त्र सर्वस्वी निर्दोष आहे असे आग्रहाने मानणाऱ्या प्रॉटेस्टंट विद्वानांनी १९७८ साली शिकागो येथे एक निवेदन प्रसिद्ध केले. परंतु आधुनिक तांत्रिक काटेकोरपणा नसणे किंवा निसर्गाचे वर्णन डोळ्यांना दिसते तसे असणे, या गोष्टींवरून शास्त्राला चुकीचे ठरवू नये, हे त्यांनीही त्यातच नोंदवले. तुमची मंडळी या दुसऱ्या प्रवाहाजवळची असावी असे पत्रावरून वाटते. म्हणजे या बाबतीत सर्वांत कडक मानल्या जाणाऱ्या लोकांनीही एक वचन सुटे काढून त्यावरून आजाराचे निदान करण्याची मुभा दिलेली नाही.

या बाबतीत मला सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिन याचे एक उदाहरण फार आवडते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सूर्य आणि चंद्र या दोन मोठ्या ज्योती म्हटल्या आहेत. कॅल्व्हिनच्या काळच्या खगोलशास्त्रज्ञांनी शनी हा ग्रह चंद्राहून मोठा आहे, केवळ फार दूर असल्याने लहान दिसतो, असे दाखवून दिले होते. १५५४ च्या आपल्या भाष्यात कॅल्व्हिन त्यांचे म्हणणे सरळ मान्य करतो. मोशेने साध्या माणसाला दिसते त्या भाषेत लिहिले, खगोल ज्याला शिकायचा आहे त्याने तो दुसरीकडे शिकावा, आणि हे खगोलशास्त्र निंदनीय तर नाहीच, ते उपयुक्त आहे, असे तो लिहितो. त्याच्याही हजार वर्षे आधी ऑगस्टीन या प्राचीन मंडळीच्या धर्माचार्याने ताकीद दिली होती की, आकाश, तारे, प्राणी यांविषयी विश्वास न ठेवणाऱ्यांनाही जे नीट ठाऊक असते, त्याबद्दल ख्रिस्ती माणूस शास्त्राचा हवाला देऊन भलतेसलते बोलू लागला, तर ऐकणारे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन याविषयी त्याच शास्त्रावर विश्वास कसा ठेवतील? गॅलिलिओवरील १६३३ च्या खटल्यात ही ताकीद विसरली गेली आणि तिची किंमत मंडळी अजून मोजते आहे. ती कहाणी सर्वांना ठाऊक असल्याने येथे उगाळत नाही. उघड झालेले सत्य आणि शास्त्र यांत विरोध दिसला, तर तुमचे शास्त्राचे वाचन अपुरे आहे की तपासणी अपुरी आहे, हे दोन्ही बाजूंनी पुन्हा पाहावे लागते. तपासणीही अपुरी असू शकते. सिकलसेलची पहिली, साधी सोल्युबिलिटी चाचणी सकारात्मक आली तरी तो माणूस केवळ वाहक (दोष अंगात असूनही बहुधा निरोगी) आहे की रुग्ण आहे हे तिच्यावरून कळत नाही, म्हणूनच पुढची चाचणी करावी लागते. प्रयोगशाळा आपल्याच पहिल्या कागदावर थांबत नाही. एका वचनावर थांबणाऱ्याने हे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

तुमच्या भाच्याच्या अहवालात प्रत्यक्षात काय आहे, तेही घरात नीट समजावून सांगा, कारण अर्धा वाद तेथेच संपेल. हा आजार होण्यासाठी दोष असलेले जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही यावे लागते. एकाच बाजूने आले तर मूल वाहक होते आणि बहुधा निरोगी आयुष्य जगते. म्हणजे मुलाच्या रक्ताने सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकले आहे: हे माहेरचेही आहे आणि सासरचेही. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि दोन्हींतून सुटण्याची २५ टक्के असते; म्हणून धाकटीची चाचणी हवी. हे जनुक टिकून का राहिले, हे तर ऐकण्यासारखे आहे. वाहकाला तीव्र मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, आणि त्यामुळे मलेरियाच्या प्रदेशांत ते पिढ्यान्‌पिढ्या उरले. भारतात ते प्रथम १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये नोंदले गेले. सातपुड्याच्या आपल्या पट्ट्यात ते भिल्ल, पावरा, मावची अशा अनेक समाजांत आढळते. ज्याला वडीलबंधू शापाची खूण समजले, ती कित्येक पूर्वजांना हिवतापातून वाचवणाऱ्या गोष्टीचीच दुसरी बाजू आहे. हे कोणत्याही वचनावरून कळले नसते, आणि ते कळल्याने कोणतेही वचन खोटे पडत नाही.

अहवालाला मात्र डोक्यावर बसवू नका. रक्त तपासून कोण वाहक आहे हे कळेल. वाहक निघालेल्या सुनेशी कसे वागावे, रुग्ण मुलाच्या आयुष्याची किंमत किती, स्थळाकडच्यांपासून काय लपवणे अन्याय होईल, हे त्या कागदावर नसते. तेथे मी शास्त्राचा अधिकार अगदी जुन्या पद्धतीने, पूर्णपणे बंधनकारक मानतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा निर्गमाच्या त्याच विसाव्या अध्यायात आहे, आणि ज्या पापाचा पुरावा नाही ते एखाद्या घराण्याच्या माथी मारणे ही खोटी साक्ष आहे. नंदुरबार जिल्ह्यात डाकीण ठरवून बाईला छळल्याच्या घटना आपण ऐकत आलो आहोत. त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१३ साली कायदा करावा लागला. मूल आजारी पडले की एका बाईकडे बोट दाखवायचे, ही जी रीत आपल्या आजोबा-पणजोबांनी शुभवर्तमान स्वीकारताना सोडली, ती शास्त्राचे वचन हाती घेऊन मागच्या दाराने घरात येत असेल तर मंडळीने तिला ओळखले पाहिजे. हे वाक्य मी विचार करूनच लिहिले आहे. ते पाळकांना दाखवायला हरकत नाही.

शास्त्राचा अधिकार आणि शास्त्र वाचणाऱ्या माणसाचा अधिकार यांत गल्लत होऊ नये, हे आपल्या महाराष्ट्रातल्याच एका स्त्रीने फार पूर्वी ठणकावून सांगितले होते. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर लगेचच, श्रद्धेच्या बाबतीत काय मानावे हे ठरवण्याचा हक्क कोणाचा, यावरून आपल्या धर्मगुरूंशी व मठातील भगिनींशी पत्रांतून वाद घातला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याचे जोखड घेणार नाही, असे त्यांनी लिहून कळवले. एवढ्यावरून त्यांना शास्त्राविषयी आदर नव्हता असे कोणी म्हणेल, तर त्याने त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये, केडगावला जाऊन पाहावे. त्याच रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे इब्री आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी वेचली आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. ज्या बाईने धर्मगुरूंना प्रश्न विचारले, तिनेच शास्त्राच्या एकेका ओळीसाठी इतके कष्ट घेतले.

आता करायचे काय ते सांगतो. वडीलबंधूंशी सभेत, चारचौघांत वाद घालू नका. तेथे त्यांना माघार घेता येणार नाही. पाळकांना एकटे भेटा, बहीण आणि भावजी दोघांनाही बरोबर न्या, आणि योहान ९ व यहेज्केल १८ त्यांनाच वाचून दाखवायला सांगा. मग त्यांना विनंती करा की, याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे मंडळीच्या वडीलजनांनी घरी येऊन मुलाला तेल लावून प्रार्थना करावी, आणि शक्य असेल तर त्या वडीलबंधूंनाही बोलवा. मुलासाठी प्रार्थना हवीच आहे. ज्या पत्राने तेल लावायला सांगितले त्याने औषध बंद करायला सांगितलेले नाही. डॉक्टरांनी फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सीयुरिया किंवा लसी यांपैकी जे काही सुरू केले असेल ते एक दिवसही मोडू देऊ नका, मुलाला भरपूर पाणी पाजा आणि थंडीत उबदार ठेवा. सासूबाईंना जनुकाची गोष्ट तुम्ही सांगू नका, मुलीकडच्या म्हणून तुमचे ऐकले जाणार नाही. आरोग्य केंद्रातील समुपदेशक किंवा गावच्या आशाताई सांगतील तर बरे. भावजींची चाचणी झाली की त्या घरातील सूर आपोआप बदलेल असा माझा अंदाज आहे.

तुमची स्वतःची चाचणी याहून आधी, याच आठवड्यात करून घ्या. बहीण वाहक असणारच, तेव्हा तुम्हीही वाहक असण्याची शक्यता निदान निम्मी आहे. वाहक निघालात तर लग्न मोडण्याचे काहीच कारण नाही. मुलाकडच्यांनाही तपासून घ्यायला सांगायचे, आणि डॉक्टरांना थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचाही विचार करायला सांगायचे, एवढेच. दोघेही वाहक निघालात तर निर्णय अवघड होईल, पण तो माहितीनिशी होईल. अहवाल प्रथम ज्याच्याशी बोलणी चालू आहेत त्या मुलाला स्वतः सांगा, मध्यस्थामार्फत नको. ही चाचणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते आणि २०२३ पासून देशभर सिकलसेलविरोधी मोहीम चालू असल्याने तुमच्या भागात त्यासाठी शिबिरेही होतात. शाळेतल्या मुलांची यादी करण्याचे काम शिक्षिका म्हणून उद्या तुमच्याकडेच आले, तर तेव्हा पालकांना सांगण्यासारखे पुष्कळ तुमच्याजवळ असेल.

प्रभूमध्ये तुमचा बंधू,
सदरलेखक